कलर मोठा का रन मोठा

मल्लण्णा, पत्त्यांचा कॅट मी तीनदा मोजला. तिन्ही वेळा पन्नासच भरले. तुला माती देऊन आठवडा झाला होता. गफूरभाईनं वजनकाट्याच्या केबिनची किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणला, "तुमीच जाव मियाँ, मेरेसे नै होता." मी एकट्यानं कुलूप काढलं. तुझी खुर्ची, पाठीला लावायची उशी, चिंचोक्यांचा पत्र्याचा डबा, सगळं जागच्या जागी. ड्रॉवरमध्ये कॅट, वर तुझं रबर. दोन पत्ते कमी.

मग मी काय केलं ते ऐक, आणि चिडू नको. फरशीवर बसलो आणि चारी रंग ओळीनं लावले. इस्पिक तेरा. बदाम तेरा. चौकट तेरा. किलवर अकरा. किलवरचा एक्का न्हाई आणि पंजी न्हाई.

टाकलेली पानं कुणी उलटून बघायची न्हाईत, हा तुझा कायदा. मी कुठं उलटली? राहिलेली लावली फक्त. पण कळायचं ते कळलं.

किती वर्षं झाली रे आपल्याला? मी मंठाळहून बीदरला आलो, गावाबाहेरच्या कोळारच्या गोदामात लागलो, तेव्हा तू काट्यावर होतास. पहिल्याच दिवशी तू माझी जिरवलीस. हरभऱ्याचा ट्रक आला, मी कागद बघून ऐटीत वजन सांगितलं. तू खिडकीतून टायरकडं बघितलंस आणि म्हणलास, "कागद खोटा हाय. दोन क्विंटल कमी हाय बघ." ट्रक काट्यावर चढला आणि दोन क्विंटल कमीच भरला. मला इतका राग आला की त्या दिवशी मी तुझ्याकडचा चहा घेतला न्हाई. दुसऱ्या दिवशी तूच दोन कप घेऊन गोदामात आलास. "अरे दत्त्या, ट्रकवर रुसायचं सोडून माझ्यावर कामून रुसायलास?" तेव्हापासनं तू माझा अण्णा झालास.

रविवारी काटा बंद. दुपारी जेवून आपण तिघं केबिनमध्ये तीन पत्ती खेळायचो. तू, मी आणि गफूरभाई. पैसा न्हाई, चिंचोके. "पैसा आला की दोस्ती वजनाला लागती," असं म्हणायचास आणि डबा पुढं ओढायचास. ज्याचे चिंचोके संपले त्यानं पुढच्या रविवारी घरची हुग्गी, गव्हाची खीर, आणायची. तुझ्या घरची हुग्गी मी आयुष्यात चारदाच खाल्ली असंल, कारण तू हरायचासच कमी.

मग माझा पाय मोडला. तीन महिने अंथरुणावर पडून मोबाईलवर पोकर शिकलो आणि उठल्या-उठल्या तुमच्या माथी मारलं. तू लई कुरकुर केलीस. "ह्ये कसलं ओ, दोन पानं हातात आन पाच पानं समद्यांची? मग आपलं काय ऱ्हायलं?" पण महिन्याभरात तूच त्यात सगळ्यांत बुडालास. तुला त्यातलं काय आवडलं ते मला ठाऊक हाय. त्यात मर्यादा न्हाई. मधली पानं एकेक उघडत जातेत, आणि कुठल्याही घडीला समोरचा माणूस आपल्यापुढचं सगळं मधी सरकवून म्हणू शकतो, बोल आता. मग आपण बी सगळं लावून त्याची पानं बघायची, न्हाईतर आपली गुमान टाकून द्यायची. अधली-मधली वाट न्हाई. अशा वेळी तू समोरच्याकडं बघायचास तसं, टायरकडं बघितल्यागत.

तू टाकायचास लई. मला त्याचा वैताग यायचा. चांगली पानं हातात असली तरी टाकायचास. दोन्ही पानं पालथी ठेवायची, त्यांच्यावर बोटं टेकवायची, ती कपाळाला लावायची आणि म्हणायचं, "शरणु." तुमच्या घरी पाव्हणा उंबऱ्यात आला की जे म्हणतेत, तेच तू पानं टाकताना म्हणायचास. गफूरभाई हसून हसून लोळायचा. मी मात्र पेटायचो. "काय व्हतं तुझ्याकडं? दाखव की!" तू हाताचा पंजा पानांवर झाकून बसायचास. "बघायचं आसंल तर आधी लावायचं होतं. फुकट बघायची खाज बरी न्हाई दत्त्या."

खाज हायच मला. मला बघितल्याबगर चैन पडत न्हाई. समोरच्यानं डोंगर लावला तरी मी आपला जोडी घेऊन त्याच्यामागं जाणार, का, तर त्याच्याकडं काय हाय ते कळलं पायजे. म्हणून मी हरायचो. तू मला शंभरदा सांगितलंस की अर्धा खेळ टाकण्यात हाय. मी शंभरदा म्हणलो की ते भित्र्यांचं समाधान हाय. हे भांडण आपण कधी मिटवलंच न्हाई. आता कुणाशी मिटवू?

आणि दुसरं भांडण कलर आणि रनचं. तीन पत्तीत ओळीनं आलेली पानं, म्हणजे रन, हे कलरपेक्षा मोठं. पोकरात उलटं, एका रंगाची पाच पानं, म्हणजे कलर, रनला मारतेत. वर्षभर तुझ्या डोक्यात ते बसंना. एका दिवाळीत तू रन आपटलास, डबा ओढायला हात घातलास आणि मी कलर दाखवला. केवढा तमाशा केलास! "रन जुळवायला डोकं लागतंय! कलर काय, रंगपंचमीला रस्त्यानं जाणाऱ्याला बी लागतोय!" दोन रविवार आला न्हाईस. तिसऱ्या रविवारी आलास आणि बसता बसता म्हणलास, "बरं, कलर मोठा. पर खेळ चुकीचा हाय." त्यानंतर तू ती चूक केली न्हाईस. एकदा बी न्हाई. हे मला आता आठवतंय. त्या दिवशी आठवलं न्हाई.

त्या दिवसाचं बोलतो आता. बोलायलाच पायजे, त्यासाठीच लिहायला बसलोय.

केबिनच्या तीन पायऱ्या चढताना तू दोनदा थांबायला लागला होतास. काळजाची झडप खराब झालीय, आपरेशन करा, असं हैदराबादच्या डॉक्टरनं सांगितलं होतं. वेळेवर केलं तर आशा बरी हाय म्हणला होता. तू कागद घडी करून ड्रॉवरमध्ये टाकलास आणि विषय बंद केलास. तुझा थोरला भाऊ असाच आपल्या पायानं हैदराबादला आपरेशनला गेला होता आणि गाडीत निजून परत आला होता, ते तू विसरला न्हाईस. तुझी कारभारीण गौराक्का रडली, पोरगी सासरहून येऊन पाया पडली. तू आपला एकच, "हाय त्येवढं बास. टाकायचं पान येळेवर टाकावं."

मी तुला भित्रा म्हणलो. पत्त्यातलं न्हाई, खरंखुरं. गौराक्कासमोर म्हणलो. तू चष्मा काढून पुसत बसलास. तो शब्द मी परत घेतला न्हाई. माफी मागायला आलो होतो दुसऱ्या दिवशी, पण तू चहा पुढं केलास आणि मी पावसापाण्याचं बोलून उठलो.

मग तो रविवार. गफूरभाई लवकर हरला आणि भजी आणायला कोपऱ्यावर गेला. आपण दोघंच. मधी पाच पानं पडली: किलवरची नव्वी, किलवरची अठ्ठी, बदामची सत्ती, किलवरची दुर्री आणि शेवटी चौकटचा राजा. माझ्या हातात एक राणी आणि एक चौकी होती. काही न्हाई, साधी जोडी सुद्धा न्हाई. पण नव्वी, अठ्ठी, सत्ती ओळीनं दिसत होत्या, रन असल्याचं सोंग वठत होतं. मी हातानं सगळे चिंचोके मधी लोटले. थोडे खाली सांडले. आणि माझ्या तोंडून निघून गेलं.

"चिंचोक्यावर न्हाई अण्णा. आपरेशनवर. तू हरलास तर ह्याच आठवड्यात हैदराबाद. जिंकलास तर मी जन्मात विषय काढणार न्हाई."

तू वर बघितलंस. बराच वेळ बघितलंस. तू टाकलंस तर हरलास, म्हणजे जायचं. बघितलंस तर माझ्याकडं काही न्हाई हे उघडं पडणार आणि विषय कायमचा संपणार. तू पानं छातीशी धरलीस आणि विचारलंस,

"दत्त्या, ह्यात कलर मोठा का रन मोठा?"

देवा शपथ, विचारलंस त्याच क्षणी मला कळलं, तुझ्याकडं किलवरचा कलर हाय. तू जिंकलेला हायस. आणि मी, ज्यानं तुला वर्षभर घसा फोडून शिकवलं तो मी, म्हणलो,

"रन."

तू पानं पालथी ठेवलीस. बोटं टेकवलीस, कपाळाला लावलीस. "शरणु," म्हणलास. मग डबा माझ्याकडं सरकवला आणि म्हणलास, "सांग तुझ्या अक्काला, बॅग भर म्हणून." नेहमीसारखे पत्ते गोळा करायला लागलास. मी खाली वाकून चिंचोके वेचत बसलो, तुझ्याकडं बघायची हिंमत नव्हती. गफूरभाई भजी घेऊन आला तेव्हा आपण दोघं बी हसत होतो. भजी खाताना तुझ्या मिशीला पीठ लागलं होतं ते आठवतंय.

गाडीत बसताना काच खाली करून तू एवढंच म्हणलास, "कॅट कुणाला देऊ नको रे." आपरेशन झालं, तू शुद्धीवर आलास, अक्काशी बोललास. मी इकडं गोदामात पेढे वाटले. चौथ्या दिवशी फोन आला.

तुम्हा लिंगायतांत माणसाला बसवून माती देतेत. मी ऐकून होतो, बघितलं न्हवतं. तुला विभूती लावून, मांडी घालून खड्ड्यात बसवलं तेव्हा मला वाटलं, हा आता पानं मागतोय. मी मूठभर माती टाकली आणि मागं सरलो. तेव्हापासनं तू मला निजलेला दिसतच न्हाईस. बसलेलाच दिसतोस. तिथं बसून माझ्याकडं बघायलास.

आणि त्या दिवशी घरी सगळ्या बायाबापड्यांसमोर गौराक्का म्हणली, "दत्तू अण्णांचे लई उपकार. त्येनीच पत्त्यात हरवून तयार केले ह्येंना. आमचं कुठं ऐकत व्हते? चार दिस का हुईना, आशा तर मिळाली." सगळी माना हलवायलेती. मी भिंतीला टेकून बसलो होतो, मला तिथंच गाडून घ्यावं वाटलं. मनात म्हणलो, आशा मी दिली न्हवती अक्का, खोटं दिलं होतं. घरात बसला असता तर आणखी वर्ष, दोन वर्षं, कोण जाणे. माझ्या एका शब्दानं उठवून पाठवला मी त्याला. हे मी कुणालाच बोललो न्हाई. गफूरभाईला न्हाई, बायकोला न्हाई. जेवताना ताट खाली ठेवलं की मला शेजारी "शरणु" ऐकू येतं, आणि मी मान वळवून बघतो.

काट्याचं बी सांगतो. तू गेल्यापासनं रिकाम्या काट्यावर आकडा दिसतोय. ट्रक न्हाई, माणूस न्हाई, तरी चाळीस किलो, कधी साठ. गफूरभाई म्हणतो पत्र्याखाली माती साठलीय, तू रोज झाडून घ्यायचास, आता कोण झाडतंय? खरंच असंल. मी झाडू घेऊन गेलो होतो. आकडा बघितला आणि तसाच परत आलो. झाडलं आणि शून्य झालं तर काय करू, असं वाटलं.

किलवरचा एक्का. मधी तीन किलवर, तुझ्याकडं दोन, म्हणजे कलर, आणि त्या पाच पानांवर एक्क्याच्या कलरपुढं काहीच चालत न्हाई, अण्णा. जगात कुणाचीच पानं तुला हरवू शकत न्हवती. फरशीवर अकरा किलवर मांडून मी हेच बघत बसलो होतो. तू न हरणारी पानं टाकलीस, का, तर तुझ्या विश्वासातला माणूस खोटं बोलला. पंधरा दिवस मी ह्याच्या पुढं गेलो न्हाई.

परवा अक्काचा फोन आला. "येऊन जावा जरा." गेलो. तिनं हैदराबादची बॅग उघडली होती, इतके दिवस तिला हात लावायचं धाडस झालं न्हवतं. तुझी जाड बंडी मांडीवर घेऊन बसली होती. म्हणली, "आतल्या खिशात सापडलंय. पत्ते हायती. ह्येंनी पत्त्यावर लिव्हलंय, मला वाचाया येतंय पर कळंना. तुमच्या नावानं हाय."

पंजी कोरी होती. एक्क्यावर निळ्या बॉलपेननं लिहिलं होतं. तू. पत्त्याला थुंकी लावली तर हातावर चापट मारणारा तू, कोपरा दुमडला तर आठवडाभर टोमणे मारणारा तू, पत्त्यावर पेन चालवलास. शाळा कन्नड, म्हणून मराठी बी कन्नड अक्षरांत लिहायचास, तसंच. वाकडंतिकडं, गाडीत बसून लिहिल्यासारखं.

"दत्त्या, कलर मोठा. आल्यावर बघतो तुला."

अक्का म्हणली, "कलर म्हंजे काय ओ? काय बघणार व्हते?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, राणी आणि चौकीपासून. भित्रा म्हणलो ते बी परत सांगितलं, जणू तिनं ऐकलंच न्हवतं. सांगताना मी तिच्याकडं बघत न्हवतो, बंडीच्या बटनांकडं बघत होतो. वाटलं, आता ही मला उंबऱ्याबाहेर काढणार. काढायलाच पायजे होतं. तिनं बंडीची घडी घातली. मग तिनं विचारलं, "म्हंजे ह्येंना ठावं व्हतं? तुम्ही खोटं बोलायलात त्ये?"

"व्हय."

"म्हंजे ह्ये जिंकले व्हते."

"व्हय अक्का."

"आन तरी गेले."

तिनं एक्का माझ्या हातातून घेतला, पदरानं पुसला आणि म्हणली, "मी इतके दिस म्हणायले, पत्त्यात हरले म्हून बिचारे गेले. आपल्या मनानं गेले की हो." आणि मग ती रडली. माती देताना रडली न्हवती तशी रडली. मी तिथंच बसून राहिलो.

अण्णा, मला अजून नीट कळलं न्हाई. तू कलर-रनचं विचारलंस ते मला बघायला विचारलंस, एवढं कळलं. दत्त्या खोटं बोलतोय का ते बघितलंस. मी बोललो, आणि त्यातनं तुला काय दिसलं कुणास ठाऊक. मी किती घाबरलोय ते दिसलं असंल. तुला जायचंच होतं आणि माघार घ्यायला लाज वाटत होती, म्हणून हरायचं निमित्त धरलंस? का माझं मन राखायला उठलास? पहिलं असंल तर मी सुटलो. दुसरं असंल तर मी कधीच सुटणार न्हाई. आणि तू टाकलेल्या पानांवर हात झाकून बसलायस, नेहमीसारखा.

पण एक गोष्ट मला कळलीय, आणि तीच आता जास्त टोचायलीय. हा निरोप न्हाई. मरणाऱ्या माणसानं असं लिहिलं नसतं. तू हे माझ्या तोंडावर मारायला लिहिलंस. टाके निघाले असते, दोन महिन्यांनी तू तीन पायऱ्या न थांबता चढून आला असतास, खुर्चीत बसला असतास, बंडीतनं एक्का काढून टेबलावर आपटला असतास आणि गफूरभाईसमोर माझी अशी जिरवली असतीस की मी वर्षभर मान वर केली नसती. तेवढ्यासाठी खिशात जपून नेलास. तू परत यायच्या तयारीनं गेला होतास, भित्रा न्हवतास.

अक्कानं दोन्ही पानं मला दिली. आज रविवार. केबिन उघडलीय, झाडू मारला न्हाई. पंजी कॅटात घातलीय, चिंचोके दोन वाट्या काढल्यात, तुझ्या खुर्चीवरची उशी झटकलीय. एक्का कॅटात घातला न्हाई, तुझ्या बाजूला उताणा ठेवलाय. मी खोटं बोललो अण्णा. कलरच मोठा.

ये की. बघ मला.